मास्तर घरात असताना

सुवार्ता भंडारे यांनी विकत घेतलेलं घर भाडेकरू बाहेर गेला की लहान व्हायचं.

ही गोष्ट कुणी त्यांच्यापासून लपवून ठेवली नव्हती. घरमालक अण्णासाहेब चौगुले यांनी घर दाखवायच्या दिवशीच सांगून टाकलं होतं. "भाडेकरूसकट आहे," ते म्हणाले. "एकटाच माणूस आहे. जोतीराम ऐवळे. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात, म्हणून सगळे मास्तर म्हणतात. ते घरात असले की तीन खोल्या, स्वयंपाकघर, मागं मोरी. ते बाहेर गेले की तेवढं राहत नाही."

"मग किती राहतं?"

"ते किती लांब गेलेत त्यावर आहे."

सुवार्ताबाईंना यात खटकण्यासारखं काही वाटलं नाही. चौतीस वर्षं त्या मिरजेतल्या एका दवाखान्यात नर्स होत्या, आणि चौतीस वर्षं दवाखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहिल्या होत्या. नऊ नंबरची खोली, मग चार नंबरची, मग वरच्या मजल्यावरची सतरा. प्रत्येक खोलीत आधीच्या बाईनं ठोकलेले खिळे असायचे, आणि खोली सोडताना स्वतःचे खिळे उपसून भोकं चुन्यानं बुजवून द्यावी लागायची. लग्न केलं नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी हातात नारळ आला आणि सतरा नंबरची किल्ली परत द्यायची चिठ्ठी आली. अशा बाईला तीन खोल्या, स्वयंपाकघर आणि मोरी हे शब्द पुरेसे होते. मोजणीचा माणूस आला त्या दिवशी चौगुल्यांनी मास्तरांना सकाळपासून घरात बसवून ठेवलं, टेप लावून माप घेतलं, आणि ते माप खरेदीखतात लिहिलं.

टेम्पोतून सुवार्ताबाईंची लोखंडी कॉट आणि दोन ट्रंका उतरल्या तेव्हा मास्तर दारातच उभे होते. सहासष्ट वर्षांचा उंच माणूस, अंगात बनियन, गालाचे स्नायू फुंकून फुंकून घट्ट झालेले.

"या, सिस्टर," ते म्हणाले. "मी पुढच्या खोलीत आहे. मधली आणि पलीकडची तुमची. चुलीवर दूध ठेवलंय, चहा घेऊ."

पुढच्या खोलीत खुंटीवर लाल कोट होता, सोनेरी झालरीचा. खाली खाटेवर क्लॅरिनेटची पेटी. एवढाच त्यांचा संसार. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती आणि मुलगी रेखा इचलकरंजीला दिली होती. चहा झाल्यावर मास्तरांनी चपला घातल्या आणि दारात उभं राहून आतल्या बाजूला हाक दिली, "आत कोण नाही नव्हं?"

"मी आहे की," सुवार्ताबाई म्हणाल्या.

"मग बाहेर या. मी तंबाखू घेऊन येतो."

त्या बाहेर येऊन जोत्यावर बसल्या. मास्तर गिरणीपर्यंत गेले तेव्हा स्वयंपाकघर गेलं. कोपऱ्यावर वळले तेव्हा मधली खोली आत ओढली गेली, कुणी पोट आत घ्यावं तशी. पानपट्टीवर ते गप्पा मारत थांबले असावेत, कारण घर बराच वेळ मोठ्या ट्रंकेएवढं होऊन राहिलं. छपरावरची कौलं नखाएवढी झाली होती, पण एकही कौल फुटलं नव्हतं. मास्तर परत आले तसं सगळं जागच्या जागी आलं. पातेल्यातलं उरलेलं दूधसुद्धा कोमट होतं.

"आत कुणी राहिलं तर?" सुवार्ताबाईंनी विचारलं.

"माणूस कधी राहिला नाही. मी हाक देतो की. एकदा मांजर राहिलं होतं."

"मग?"

"काही नाही. बाहेर आलं. जरा लाजरं झालं, इतकंच."

सुरुवातीचे दोन महिने बरे गेले. मास्तर बाहेर पडले की सुवार्ताबाई छत्री आणि विणकाम घेऊन जोत्यावर बसायच्या. शेजारच्या हसीनाभाभींची ओळख झाली. भाभी इतकी वर्षं घर आखडलं की त्यावर पापड वाळत घालत होत्या. नवी मालकीण आली म्हणून त्यांनी रीतसर विचारलं, "सिस्टर, घालत जाऊ ना?" सुवार्ताबाई घाला म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांच्याकडे त्यांच्या छपराची परवानगी मागितली होती. त्यांना रात्रभर पुरेल एवढी खुशी झाली.

मग लग्नसराई आली. बँडला आज जयसिंगपूर, उद्या कागवाड, परवा पार जतपर्यंत बोलावणी. मास्तर लाल कोट घालून निघायचे ते तीन-तीन दिवस यायचे नाहीत. घर बिस्किटाच्या डब्याएवढं होऊन जोत्याच्या मध्यावर बसलेलं असायचं, आणि सुवार्ताबाई हसीनाभाभींच्या घरी, त्यांच्या सुनेच्या कॉटवर. भाभींनी कधी तोंड वाकडं केलं नाही. पण उशाशी भिंतीत दुसऱ्या कुणाचा तरी खिळा होता, आणि सुवार्ताबाईंची नजर सारखी त्याच्यावर जायची.

त्या चौगुल्यांकडे गेल्या. अण्णासाहेब झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते.

"मी दाखवलं तेव्हा घर होतं का नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"होतं."

"मग झालं तर. कागद तुमच्या नावावर आहे. भाडेकरू काढायचा असेल तर काढा."

"काढला तर घर कुठं राहील?"

अण्णासाहेबांनी अडकित्ता थांबवला. "ते मीपण कधी बघितलं नाही," ते म्हणाले. "म्हणून तर विकलं."

परत येताना सुवार्ताबाईंनी मंडईतून मास्तरांची भाजी घेतली, तंबाखूची पुडी घेतली, क्लॅरिनेटच्या तोंडाला लागणाऱ्या पत्त्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचे कपडे इस्त्रीला टाकून आल्या. तिसऱ्या दिवशी न्हाव्यालाच घरी घेऊन आल्या. मास्तरांना बाहेर जायचं कारणच उरू नये, एवढंच त्यांनी केलं. मास्तर म्हणाले, "सिस्टर, इतकी सवय लावू नका." पण बसून राहिले. वय झालं होतं, गुडघे दुखत होते, आणि कुणीतरी गरम भाकरी करून समोर ठेवत होतं.

पंधराव्या दिवशी बँडचे मालक बापू स्कूटरवरून आले. "मास्तर कुठायत? गुरुवारी कुपवाडची वरात आहे."

"त्यांना बरं नाही," सुवार्ताबाई दारातूनच म्हणाल्या. "तीन महिने हलायचं नाही असं सांगितलंय."

चौतीस वर्षं नर्स असलेल्या बाईच्या बोलण्यावर बापूंनी शंका घेतली नाही. काळजी घ्या म्हणाले आणि गेले. चौतीस वर्षांत सुवार्ताबाईंनी एकाही रुग्णाच्या कागदावर चुकीचा ताप लिहिला नव्हता. त्या वळल्या तेव्हा मास्तर पडद्याआड खाटेवर बसून क्लॅरिनेटच्या चाव्यांना तेल देत होते. सगळं त्यांना ऐकू गेलं असणार. त्यांनी वर पाहिलं नाही.

त्याच दिवशी दुपारी स्वयंपाकघराच्या फडताळामागं एक दार निघालं. दारापलीकडे खोली होती.

खोली निळसर रंगाची होती, खिडकीखाली दगडी बैठक होती, आणि खिडकीतून उसाचा फड दिसत होता. त्या गल्लीत ऊस नव्हता. सुवार्ताबाईंनी खोली आधी झाडून काढली, मग मास्तरांना येऊन सांगितलं.

"कधीकधी होतं," मास्तर म्हणाले. "बायको आजारी होती तेव्हा मी चार महिने घर सोडलं नव्हतं. तेव्हा सहा झाल्या होत्या."

"मग?"

"ती गेली. मग बाहेर पडावंच लागलं."

आठवड्याला एक खोली वाढू लागली. पाचवीची फरशी शहाबादी, पायाला गार. सहावीत झोपाळ्याच्या कड्या होत्या, झोपाळा नव्हता. सातवीत ओल्या चुन्याचा वास यायचा, जणू गवंडी नुकताच हात धुवायला गेलाय. सुवार्ताबाईंनी एक पसाभर खिळे आणले आणि प्रत्येक खोलीत एकेक ठोकला. आईचा फोटो चौथ्या खोलीत लावला, मग सहावीतला उजेड जास्त चांगला वाटला म्हणून तिथं नेला, मग आठवीत. सकाळचा अर्धा वेळ झाडण्यात जायचा. खोल्यांना काय करायचं हा प्रश्न त्यांच्या मनात येत नसे. त्या एका खोलीतून दुसरीत जात, दार लोटून मागं बघत, आणि पुढं जात. एकदा अकराव्या खोलीत त्या मोठ्यानं हसल्या. आपण कशाला हसलो ते त्यांनाही कळलं नाही. त्यांचं हसू सगळ्या दारांतून मागं गेलं आणि जरा वेळानं पुढच्या खोलीत पोचलं असावं, कारण तिकडून मास्तरांच्या खोकल्याचा आवाज आला.

बाहेरून घर होतं तेवढंच दिसायचं. हसीनाभाभींनी एकदा खिडकीतून विचारलं, "सिस्टर, हल्ली तुम्ही हाक मारली की सांगलीहून बोलल्यासारखं का येतं?"

"मागं कामात असते," सुवार्ताबाई म्हणाल्या.

मे महिन्याच्या सुरुवातीला पोस्टमन लग्नाची पत्रिका देऊन गेला. पाकिटावर जोतीराम ऐवळे असं नाव होतं. इचलकरंजीचा शिक्का. पाकीट उघडंच होतं. रेखाच्या मुलीचं, स्नेहलचं, लग्न ठरलं होतं. नात म्हणजे मास्तर आठ दिवस तरी जाणार. शिवाय रेखा एकदा त्यांना घेऊन गेली की परत पाठवेल कशावरून? सुवार्ताबाई पत्रिका हातात घेऊन चालत राहिल्या आणि बाराव्या खोलीच्या खिडकीत ठेवून आल्या. लपवली नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. तिथं ऊन चांगलं येतं, पत्रिका दमट होणार नाही.

त्यानंतर चार दिवसांनी मास्तरांना चहा न्यायचा होता. स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यातलं अंतर वाढलंय हे सुवार्ताबाईंच्या लक्षात आलं होतं, पण त्या दिवशी कप घेऊन त्या चालत राहिल्या, चालत राहिल्या, आणि पुढच्या खोलीत पोचल्या तेव्हा चहावर साय धरली होती. मास्तर खाटेवर बसले होते. खाट करकरत नव्हती. गेले कित्येक दिवस ती करकरली नव्हती. मास्तरांचा बनियन त्यांच्यावर दोरीवर टाकल्यासारखा होता, आणि पाठीमागची भिंत त्यांच्या खांद्यातून पुसटशी दिसत होती, पातळ धोतरातून पाय दिसावा तशी.

सुवार्ताबाईंनी कप खाली ठेवला आणि मनगट हातात घेतलं. नाडी होती. पण प्रत्येक ठोका एवढ्या लांबून चालत येत होता की मध्ये त्यांना आपलाच श्वास ऐकू येई. असे ठोके त्यांना माहीत होते. माणसाचं किती वापरून झालंय हे असे ठोके सांगतात. दवाखान्यात अशा वेळी त्या धावत डॉक्टरांना बोलवायच्या. इथं डॉक्टर काय करणार होते? रोग चौदा खोल्यांचा होता, आणि त्या सगळ्या खोल्यांत त्यांनी खिळे ठोकले होते.

"वाजवून दाखवा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी क्लॅरिनेट ओठाला लावलं. फुंकर आत गेली आणि दुसऱ्या टोकानं नुसती हवा बाहेर आली.

सुवार्ताबाई उठल्या. "येते," म्हणाल्या. त्या निघाल्या तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. बाराव्या खोलीपर्यंत पोचून परत यायला त्यांना दुपारचा एक वाजला. त्यांनी पत्रिका मास्तरांच्या मांडीवर ठेवली.

"चार दिवसांपूर्वी आली," त्या म्हणाल्या. "मी ठेवून घेतली होती. आणि बापूंना मी खोटं सांगितलं होतं."

"ठाऊक आहे."

"बापूंचं ऐकलंत. पण पत्रिकेचं?"

"रेखाचा फोन येतो की, सिस्टर. रोज विचारते, बाबा, पत्रिका मिळाली का." त्यांनी उशीखालचा मोबाइल दाखवला.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

मास्तरांनी पत्रिकेवरचा गणपती अंगठ्यानं पुसला. "तुम्ही हसत होता," ते म्हणाले. "तिकडं मागं. मी पस्तीस वर्षं लोकांच्या लग्नात वाजवतोय. लोक नाचतात, रडतात, पैसे उधळतात. पण आपलं घर बघून कुणी असं एकटं हसताना मी ऐकलं नव्हतं. म्हटलं, चार दिवस हसू दे."

सुवार्ताबाई उंबऱ्यावर बसल्या. बऱ्याच वर्षांत त्या रुग्णासमोर रडल्या नव्हत्या, आणि आताही रडल्या नाहीत. पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "उद्या सकाळच्या गाडीनं जा. हळदीला पोचाल."

"आणि घर?"

"घराचं मी बघते."

"भाभींकडं राहाल?"

"नाही. आत राहीन."

"मांजराचं सांगितलं होतं मी," ते म्हणाले.

"लाजरं झालं म्हणालात. मी पहिल्यापासून तशीच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुवार्ताबाईंनी मास्तरांच्या लाल कोटाची झालर शिवून दिली, एका पिशवीत दशम्या बांधल्या, आणि स्वतः न्हाऊन जरीकाठाची जांभळी साडी नेसल्या. मास्तरांनी चपला घातल्या. दारात उभं राहून, सवयीनं, आतल्या बाजूला हाक दिली, "आत कोण नाही नव्हं?"

"मी आहे," सुवार्ताबाई मधल्या खोलीतून म्हणाल्या.

मास्तरांनी पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाले, "बरं." आणि दार ओढून घेतलं.

आधी मागच्या खोल्या गेल्या. दोन नर्सनी चादरीची टोकं धरून घडी घालावी तसा आवाज होता, फट, मग पुढची फट, आणि प्रत्येक घडी आधीपेक्षा जवळ. उसाचा फड गेला, शहाबादी फरशी गेली. आईचा फोटो कुठल्या खोलीत होता ते सुवार्ताबाईंना आठवेना, पण तो पाठीमागून कुठून तरी येऊन दोन खांद्यांच्या मध्ये टेकला. गिरणीपाशी मास्तर पोचले असावेत. स्वयंपाकघर कमरेशी आलं. स्टँडवर गाडी लागली असावी. भिंती दंडांना लागल्या. त्यांना भीती वाटली नाही. शिंप्यानं एकेक टाचणी लावत अंगासरशी ब्लाउज बेतावा तसं घर बेतलं जात होतं. छप्पर केसांवर उतरलं, नर्सच्या टोपीहूनही हलकं. खिडकी डोळ्यांसमोर येऊन थांबली. गाडी इचलकरंजीकडे निघाली असेल, आता आणखी आवळेल, म्हणून त्यांनी श्वास धरला. पण घर तिथंच थांबलं. व्हायचं तेवढं होऊन झालं होतं.

त्यांनी हात हलवून पाहिला. हलत होता. कुठं काचत नव्हतं. अठ्ठावन्न वर्षांत कुठलीच जागा त्यांच्या इतकी मापाची नव्हती.

तो सगळा दिवस त्या जोत्यावर उभ्या राहिल्या आणि खिडकीतून गल्ली बघत राहिल्या. हसीनाभाभी ताट घेऊन आल्या, वर पापड घातले, मग टाचा उंचावून खिडकीत बघितलं.

"सिस्टर, बऱ्या आहात?"

"एकदम बरी आहे."

"जेवलात?"

"स्वयंपाकघर इथंच आहे," सुवार्ताबाई म्हणाल्या, आणि खरंच त्यांना भूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाय उचलला. घर पायाबरोबर उचललं गेलं. त्या जोत्यावरून उतरल्या.

"निघालात का बाहेर?" भाभींनी विचारलं.

"बाहेर नाही. आतच आहे. लग्नाला निघालेय."

"मग पापड काढून घेते."

"घ्या."

एस.टी.त लोकांनी त्यांना खिडकीजवळची जागा दिली. कंडक्टर आला आणि त्यानं कौलांपासून उंबऱ्यापर्यंत पाहिलं. "किती?"

"एक, इचलकरंजी."

"आणि घराचं?"

"अंगावरचं आहे."

कंडक्टरनं विचार केला. "अंगावरचं असलं तर एकच," तो म्हणाला, आणि मशीनमधून तिकीट फाडून दिलं.

मंगल कार्यालय स्टँडपासून जवळच होतं. मांडवाच्या तोंडाशी बँड उभा होता आणि सगळ्यांच्या पुढं मास्तर, लाल कोटात. कोट आता अंगावर बसत होता. गाल फुगले होते, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, आणि क्लॅरिनेट असं वाजत होतं की रस्त्यावरचे सायकलवाले पाय टेकून थांबले होते. सुवार्ताबाईंना बघून मास्तरांनी भुवया उंचावल्या. तोंडात वाद्य होतं, म्हणून त्यांनी त्यांच्यासाठी एक सूर जरा लांबवला. तो सूर भिंतींतून आत आला आणि सुवार्ताबाईंच्या छातीपाशी जाऊन थांबला.

रेखा धावत आली. बापासारखीच उंच. "या, सिस्टर. बाबांनी सगळं सांगितलंय. खुर्ची देऊ का?"

"नको गं. मी आत बसलेलीच आहे."

"सरबत तरी घ्या," असं म्हणून रेखानं पेला खिडकीतून आत दिला आणि ती दुसऱ्या पाहुण्यांकडे वळली.

मुहूर्ताला अजून अवकाश होता. पत्र्याखाली पंख्यांचा नुसता आवाज होता, वारा नव्हता. नवरीच्या खोलीतून बायका आत-बाहेर करत होत्या. त्यांच्या गर्दीतून हिरवा चुडा भरलेली, मुंडावळ्या बांधलेली एक मुलगी बाहेर आली, खांबाला टेकली, आणि शालूच्या पदरानं वारा घेऊ लागली. तिचं काजळ घामानं पसरलं होतं. सुवार्ताबाईंना बघून ती जवळ आली.

"मावशी, आजोबांची सिस्टर तुम्हीच ना? मी स्नेहल."

"मीच. किती गोड दिसतेस."

"तुमच्यात गार आहे का हो?"

"आहे."

"जरा आत बसू? दोनच मिनिटं. सकाळपासून पाचशे लोकांनी मला हात लावलाय."

सुवार्ताबाई सतरा नंबरला असताना कुणी आलं तर चौकीदाराच्या वहीत नाव लिहावं लागे. आपल्या दारात उभं राहून आत येऊ का म्हणून त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"ये की," त्या म्हणाल्या. "त्यात विचारायचं काय?"

स्नेहल वाकली, डोक्यावरचा पदर सावरला आणि दार ढकलून आत गेली. सुवार्ताबाईंना कमरेपाशी थोडंसं जड वाटलं, मग तेही वाटेनासं झालं.

"किती बरं वाटतंय," आतून आवाज आला. "मावशी, ही खोली कुणाची?"

"कुणाची नाही. बस निवांत."

"आणि ही पलीकडची?"

"पलीकडं आहे का?"

"आहे की. इथं खिडकी पण आहे. बघून येऊ?"

"बघून ये," सुवार्ताबाई म्हणाल्या. त्यांना फार बरं वाटत होतं. पैंजण पाठीच्या बाजूला गेले. एक दार उघडल्याचा आवाज झाला.

तेवढ्यात स्टेजवर अंतरपाट धरला गेला. नवरा मुलगा पाटावर उभा राहिला, माणसं खुर्च्यांवरून उठली, अक्षता वाटल्या गेल्या. भटजींनी माइक तोंडाशी घेतला. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

मामा म्हणून उभे असलेले रेखाचे चुलतभाऊ नवरीच्या खोलीत जाऊन परत आले. त्यांनी रेखाकडे पाहिलं. रेखानं बायकांकडे पाहिलं. एका बाईनं बोट दाखवलं, आणि मग सगळा मांडव सुवार्ताबाईंकडे वळला. क्लॅरिनेट थांबलं.

"मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं," भटजी पुन्हा म्हणाले. "वेळ झाली आहे."

सुवार्ताबाईंनी मान आत वळवली आणि हाक मारली, "स्नेहल, ये गं बाहेर. बोलावतायत."

आत बांगड्या वाजत होत्या. एक दार उघडलं, मग त्यापुढचं, मग त्यापुढचं, आणि आवाज लांब लांब चालला होता.